पिठात साखर नको! ग्रीक गोडाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी पिरीअसच्या माझ्या स्वयंपाकघराबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझे यजमान जहाजावर इंजिनिअर होते. पुढे एका ग्रीक शिपिंग कंपनीच्या कचेरीत त्यांची नेमणूक झाली आणि १९९९ ते २००७ आम्ही अथेन्सला लागूनच असलेल्या पिरीअस बंदरात, कास्तेलाच्या टेकडीवर भाड्याने राहिलो. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. ग्रीक भाषेत आजीला ‘याया’ म्हणतात, मीही त्यांना तेच म्हणायची. द्राख्मा जाऊन युरो आला त्या वर्षी त्या दर सकाळी किराणा दुकानदाराशी भांडून यायच्या आणि मग राग शांत करायला काहीतरी तळायला घ्यायच्या. माझं बरंचसं शिक्षण त्या रागापोटी झालं.

लेखावर भरपूर पत्रं आली. त्यांतली जवळजवळ निम्मी एकाच चुकीबद्दल आहेत, म्हणून तीच आधी सांगते. तुम्ही सगळ्यांनी पिठात साखर घातली आहे. ग्रीक घरात क्रेप (अंड्या-मैद्याचं पातळ, मऊ धिरडं) असो, तळलेले गोळे असोत की चीजची पोळी, पीठ अळणी किंवा किंचित खारट असतं. गोडवा शेवटी, वरून, मधाचा किंवा पाकाचा येतो. साखर आत गेली की ती आधी करपते, पीठ मागे कच्चं राहतं. शिवाय मधाची चव कळत नाही, आणि तिथल्या गोडात सगळं महत्त्व त्या मधालाच आहे.

ताई, माझा मुलगा कामानिमित्त अथेन्सला गेला होता. तिथे रात्री अकरा वाजता रस्त्यावर उभं राहून खाल्लेल्या क्रेपची अजून आठवण काढतो. मी एक वाटी मैदा, एक वाटी दूध, दोन अंडी आणि चार चमचे साखर घेऊन करून पाहिलं. पहिला तव्याला चिकटला, दुसरा फाटला, तिसऱ्यावर झाकण ठेवलं तर घावनासारखा झाला. कुठे चुकलं? – एक वाचक, चिंचवड

चिकटला तो साखरेमुळे, फाटला तो घाईमुळे आणि घावन झालं ते झाकणामुळे. तुमचा हात चांगलाच आहे, तो घावनाच्या सवयीने चालला इतकंच.

मैदा २५० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, अंडी तीन, वितळवलेलं लोणी दोन चमचे, चिमूटभर मीठ. मैद्यात मध्ये खळगा करून अंडी आणि थोडंसंच दूध घाला, घट्टसर असतानाच घोटून गुठळ्या मोडा, मग उरलेलं दूध आणि लोणी घालत सैल करा. सगळं दूध एकदम ओतलं तर गुठळ्या पोहत राहतात आणि मग कितीही फेटा, त्या मोडत नाहीत. आता हे पीठ तासभर झाकून ठेवा. ही पायरी चुकवू नका. मैदा दूध पितो, फेटताना आलेला ताण उतरतो, फेस बसतो. न मुरलेलं पीठ तव्यावर आक्रसतं आणि उलटताना फाटतं. तासाभराने पीठ पळीच्या पाठीला सायीसारखं लागलं पाहिजे. जास्त दाट वाटलं तर दोन-तीन चमचे दूध घाला.

धिरड्याचा नॉनस्टिक तवा मध्यम आचेवर तापवा, लोण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून घ्या. फक्त पुसायचं, तूप सोडायचं नाही. अर्धी पळी पीठ मध्ये ओता आणि लगेच तवा उचलून मनगटाने गोल फिरवा. घावन आपण वरून धार धरून, तवा चांगला तापवून, झाकण ठेवून करतो, कारण त्याला जाळी हवी असते. क्रेपला जाळी नको, तो रुमालासारखा मऊ आणि सलग हवा. मिनिटभरात कडा आपसूक सुटतात आणि तपकिरी दिसतात, तेव्हा उलथनं घाला. दुसऱ्या बाजूला अर्धा मिनिट पुरे. पहिला क्रेप तव्याचा अंदाज घेण्यात जातो, याया तो उभ्याउभ्याच खाऊन टाकायच्या.

आता यात ग्रीक काय? क्रेप मूळचा फ्रान्सचा, ब्रिटनी प्रांताचा. ग्रीसमध्ये त्याला ‘क्रेपा’ म्हणतात आणि तिथे तो प्लेटमधून उठून रस्त्यावर आला. विजेच्या मोठ्या गोल सपाट तव्यावर लाकडी पट्टीने पीठ पसरतात, तुमच्यासमोर भरतात, त्रिकोणी घडी घालून कागदाच्या खिशात सरकवतात. चीज-मशरूम घालून तिखट-खारटही करतात. तुमच्या मुलाने बहुधा चॉकलेट आणि हेझलनटचं लोणं, केळं आणि बिस्किटाचा चुरा घातलेली खाल्ली असेल. तो चुरा विसरू नका, मऊ क्रेपात तेवढाच एक कुरकुरीत घास येतो. तिथे साधं पातळ लोण्याचं बिस्किट वापरतात, आपलं मारी अगदी चालतं. दोन बिस्किटं हाताने मोडा, मिक्सरमध्ये पूड करू नका. क्रेप तव्यावर असतानाच अर्ध्या भागावर चॉकलेट लावा, अर्धं केळं कापून ठेवा, चुरा भुरभुरा, अर्धी घडी, मग परत दोन घड्या. केळं किंचित गरम झालं पाहिजे. गार क्रेपात भरलेलं ते काही खरं नाही. आम्ही पासालिमानीच्या धक्क्यावरून चालून परतताना घ्यायचो, आणि कागदाच्या टोकाशी साचलेलं चॉकलेट कुणी खायचं यावर मुलांची भांडणं व्हायची.

आमच्याकडे अंडं चालत नाही. बिनअंड्याचा क्रेप कसा करावा? कस्टर्ड पावडर घालू का? – एक गृहिणी, अकोला

कस्टर्ड पावडर नको. अंड्याच्या क्रेपची नक्कल करण्यापेक्षा ग्रीसचाच बिनअंड्याचा पदार्थ करा, आणि तो क्रेपपेक्षा फार जुना आहे. त्याचं नाव ‘तिगानीतेस’, म्हणजे तव्यावरचं. दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने त्याची कृती लिहून ठेवली आहे: बिनधुराच्या आचेवर तव्यात ऑलिव्ह तेल, त्यात पाण्यात कालवलेलं गव्हाचं पीठ ओतायचं, ते ताज्या चीजसारखं आळलं की उलटायचं, असं दोन-तीनदा. काही जण त्यात मध मिसळतात, काही समुद्राचं मीठ, असंही तो सांगतो.

याया करायच्या ते असं: दोन वाट्या मैदा (अर्धी कणीक घेतली तरी छान), साधारण दोन वाट्या कोमट पाणी, एक चमचा यीस्ट, मीठ. तासभर फुगू द्यायचं. तव्यात चमचाभर तेल, त्यावर पुरीएवढी धिरडी. ही जाडसर असतात आणि यांना मात्र वरून भोकं पडतात. भोकं पडून वरचा ओलेपणा गेला की उलटा. गरम असतानाच मध, भाजलेले तीळ, दालचिनी.

आणखी एक सांगावंसं वाटतं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरआधीचे कित्येक आठवडे उपास करतात आणि त्यात मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही. आपल्या उपासाला दूध-तूप चालतं आणि गहू चालत नाही, त्यांचं बरोब्बर उलट. त्यामुळे तेल, पीठ, मध, तीळ एवढ्यावर उभे राहिलेले गोड पदार्थ तिथे ढीगभर आहेत. ग्रीक गोड म्हणजे अंडं आलंच, असं समजून हिरमुसू नका.

काकू, कॉलेजच्या फनफेअरला आम्ही पाच मैत्रिणी लुकुमादेसचा, म्हणजे मध घातलेल्या तळलेल्या गोळ्यांचा, स्टॉल लावणार आहोत. घरी तालीम केली तर गोळे चपटे झाले, तेल प्यायले आणि बाहेरून काळे, आतून कच्चे निघाले. यीस्टऐवजी सोडा घातला होता आणि पिठात अर्धी वाटी साखर. – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

पोरींनो, साखर का नको ते वर लिहिलंच आहे. सोडाही नको. लुकुमादेस आतून पोकळ, जाळीदार हवेत, आणि ते काम यीस्टचंच.

एका वेळच्या पिठाला, म्हणजे तीसेक गोळ्यांना: मैदा २५० ग्रॅम, कोमट पाणी २५० मिलिलिटर, सुकं यीस्ट ७ ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, आणि यीस्ट जागं व्हायला एकच छोटा चमचा साखर. पाणी बोटाला सोसेल इतकंच कोमट, कढत पाण्याने यीस्ट मरतं. हाताने फेटायचं, भांड्यावर आपटत, पीठ चिवट होऊन हाताबरोबर वर खेचलं जाईपर्यंत. मेदूवड्याचं पीठ हलकं होईतो फेटतो तेवढ्या निष्ठेने. मग झाकून दीड तास. दुप्पट होऊन वर बुडबुडे दिसले पाहिजेत. थंडीचे दिवस असतील तर जास्त वेळ धरा.

सोडायची पद्धत हाताचीच आहे. डाव्या मुठीत पीठ घ्या, मूठ आवळा, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो तेलात किंवा पाण्यात बुडवलेल्या चमच्याने कापून कढईत सोडा. पाणी वापरलंत तर चमचा झटकून घ्या, नाहीतर तेल अंगावर उडेल. दर गोळ्याला चमचा ओला हवा. चपटे झाले कारण पीठ पातळ होतं किंवा तुम्ही वरून टाकलेत. तेलाजवळ हात नेऊन सोडा, घाबरू नका, भजी सोडतो तसंच आहे. तेल १७५ अंशाच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका, तो खाली जाऊन लगेच वर यायला हवा. तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे, आणि थंड तेलातच गोळे तेल पितात. कढईत एका वेळी दहाच्या वर नकोत, कारण प्रत्येक गोळा तेल थंड करतो. झाऱ्याने सतत फिरवत राहा.

काढले की लगेच गरम मध, वर दालचिनी आणि अक्रोडाचा चुरा. मध घट्ट असेल तर थोडं पाणी घालून कोमट करा. स्टॉलवर आधीच तळून ठेवू नका. पंधरा मिनिटांत ते रबर होतात, मग कितीही मध ओतला तरी उपयोग नाही. अथेन्समध्ये एओलू रस्त्यावर १९२३ पासूनचं एक लुकुमादेसचं दुकान आहे, ‘क्रिनोस’. तिथे बसलं की कढईतून थेट बशीत येतात. तुमच्याकडेही तशी रांग लागू द्या. एकीने मूठ धरायची, दुसरीने झारा, तिसरीने मध, चौथीने पैसे, आणि पाचवीने पुढचं पीठ फुगायला घालायचं. दर अर्ध्या तासाने नवं पीठ घाला, म्हणजे खंड पडणार नाही.

क्रीटच्या मध घातलेल्या चीजपोळीचा उल्लेख तुम्ही केला होता. ती पुरणपोळीसारखी लाटतात का? आणि चीज कोणतं? मी पनीर किसून भरलं तर पोळी फुटली. – एक वाचक, सोलापूर

तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण माझ्या सगळ्यात आवडत्या पदार्थाबद्दल कुणीतरी विचारलं. नाव ‘स्फाकियानोपिता’, स्फाकिया गावांची पोळी. पिरीअसहून रात्री बोटीत बसलं की पहाटे क्रीटच्या सूदा बंदरात उतरतो, हान्या शहराला लागून. तिथून बस लेफ्का ओरी म्हणजे पांढऱ्या डोंगरांतून दक्षिण किनाऱ्याला होरा स्फाकियोनला जाते. वळणं अशी की माझी मुलगी पूर्ण वाट डोळे मिटून बसली होती. खाली समुद्राकाठच्या खाणावळीत बशीभर आकाराची, पातळ, ठिकठिकाणी डाग पडलेली एक पोळी आली, त्यावर मधाची धार. मी पहिल्या घासाला यजमानांना म्हटलं, हिचं पुरण खारट आहे!

हो, लाटतात पुरणपोळीसारखीच. पिठाचा गोळा, त्याएवढाच चीजचा गोळा, वाटी करून आत घालायचा, तोंड बंद करायचं, हाताने दाबून मग पिठी लावून लाटायचं. तुम्हाला यात शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. फरक तीन. पीठ मैद्याचं, त्यात ऑलिव्ह तेल आणि क्रीटची राकी, ही द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेली दारू. २५० ग्रॅम मैद्याला दोन्ही एकेक मोठा चमचा. आपण राकीऐवजी तेवढाच लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घ्यायचं. त्यानेही पीठ मऊ होतं आणि लाटताना मागे ओढत नाही. मीठ घालून कोमट पाण्याने मळा आणि अर्धा तास ठेवा. दुसरा फरक, तवा कोरडा. तूप-तेल अजिबात नाही, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तांबूस डाग पडेपर्यंत. तिसरा, सारणात गोड काही नाही, चवीला मीठ.

तुमची पोळी फुटली ती किसलेल्या पनीरमुळे. दाबून घट्ट केलेलं पनीर कणीदार असतं, लाटताना त्याचे कंगोरे पीठ फाडतात. तिथलं चीज म्हणजे ‘मिझिथ्रा’, मेंढीच्या किंवा बकरीच्या दुधाच्या निवळीपासून केलेलं, मऊसर. घरी असं करा: एक लिटर म्हशीचं दूध लिंबाने फाडा, फडक्यात फक्त वीस मिनिटं टांगा, वजन ठेवू नका. मग परातीत तळहाताने रगडून लोण्यासारखं करा, त्यात दोन चमचे चक्का आणि मीठ. चक्क्याने ती जराशी आंबूस चव येते. सारण हाताला लागेल इतपत ओलं असू द्या, पण पाणी सुटता कामा नये. पुरण शिजवताना उभा राहणारा चमचा आठवा, तेवढं घट्ट.

मध पोळी तव्यावरून उतरल्यावर. आणि गारढोण होण्याआधी खा.

ग्रीक मध इथे मिळत नाही. कोणता वापरू? नात दहा महिन्यांची आहे, तिलाही चमचाभर क्रेप देता येईल का? – एक आजोबा, सातारा

आजोबा, आधी नातीचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, चाटवूही नका, शिजवलेल्या पदार्थातूनही नाही. मधात कधीकधी एका जिवाणूचे बीजाणू असतात, मोठ्यांना त्याने काही होत नाही पण तान्ह्या बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. आपल्याकडे मध चाटवायची पद्धत आहे म्हणून एवढ्या ठामपणे लिहिते. अंडं, दूध, गहू तिच्या आहारात आधीच सुरू असतील तर नुसता मऊ क्रेप, मध-चॉकलेटशिवाय, खुशाल द्या.

आता तुमचं. ग्रीसमध्ये डोंगरातल्या थाइम झुडपांचा मध या पदार्थांवर घालतात, त्याचा वास घशापर्यंत जातो. तुम्ही तर साताऱ्यात आहात, महाबळेश्वरचा जांभळाचा मध घ्या. त्याला किंचित कडवट झाक असते आणि खारट चीजवर ती फार शोभते.

रव्याचा ग्रीक हलवा म्हणजे आपला शिराच ना? – एक वाचक, नागपूर

नाही. दिसायला भाऊ, स्वभाव वेगळा. प्रमाण ग्रीसमध्ये शाळकरी पोरालाही पाठ असतं: एक, दोन, तीन, चार. एक वाटी तेल, दोन वाट्या जाडा रवा, तीन वाट्या साखर, चार वाट्या पाणी. तूप नाही, दूध नाही, हाही उपासाचाच पदार्थ. बघा, इथेही साखर रव्यात पडत नाही, तिचा पाक वेगळा होतो: पाणी, साखर, दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा आणि संत्र्याची साल पाच मिनिटं उकळायची. दुसऱ्या शेगडीवर तेलात रवा आणि बदाम भाजायचे, शिऱ्याला भाजतो त्याच्या खूप पुढे, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखा रंग येईपर्यंत. मग गॅस बंद करून, लांब दांड्याचा डाव हातात धरून, पाक थोडा थोडा ओता. मी पहिल्यांदा एकदम ओतला होता, उजव्या मनगटावर त्याची खूण अजून आहे. परत गॅसवर ठेवून कडा सोडेपर्यंत ढवळा, दहा मिनिटं फडक्याने झाका, साच्यात दाबा, गार झाल्यावर उपडा करा. वडी पडेल इतका तो उभा राहतो. मला स्वतःला साखर अडीच वाट्याच बरी वाटते.

बकलाव्याच्या (थरावर थर रचून पाकात मुरवलेल्या मिठाईच्या) पापुद्र्यासाठी समोसा पट्टी चालेल का? – ठाणे

चालणार नाही, ती जाड असते आणि पाकात चिवट होते. मोठ्या दुकानांत गोठवलेले फिलोचे पापुद्रे मिळतात, ते आणा. एक नियम लक्षात ठेवा: पदार्थ गरम तर पाक थंड, किंवा उलट. दोन्ही गरम असले की लगदा होतो.

काकू, आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. निर्यातीत न बसलेले घड खूप उरतात. द्राक्षाच्या रसाचा ग्रीक पदार्थ आहे असं ऐकलं. – एक शेतकरी, जि. नाशिक

आहे, आणि तो तुमच्याइतका कुणाला सहज जमणार नाही. ‘मुस्तालेव्रिया’, रस आणि पीठ. तिथे सप्टेंबरमध्ये दारूच्या द्राक्षांची तोडणी झाली की आंबायच्या आत ताजा रस घरोघरी उकळतात. तुमच्याकडे हंगाम जानेवारीपासून, तेवढाच फरक.

द्राक्षं चुरगळून रस फडक्यातून गाळा. रस आंबट असेल तर तिथल्या बायका स्वच्छ लाकडाची चाळलेली राख फडक्यात बांधून रसात उकळतात. आंबटपणा कमी होतो, गाळ खाली बसतो. मग रात्रभर ठेवून वरचा नितळ रस अलगद ओतून घ्यायचा. तुमची द्राक्षं गोड असतील तर राखेची गरज नाही, नुसता उकळून फेस काढा. एक लिटर रसाला १०० ग्रॅम मैदा धरा. एक वाटीभर रस गार ठेवून त्यात मैदा कालवा, बाकीचा रस उकळत असताना हा धारेने ओता आणि दहा मिनिटं हात न थांबवता ढवळा. पिठलं रटरटतं तसे बुडबुडे आले आणि डावावर जाड थर राहिला की झालं. साखर एक चमचाही नाही.

जास्तीचा रस असाच आटवत नेलात, चौथा भाग उरेपर्यंत, तर त्याची काकवीसारखी काळी दाट ‘पेतिमेझी’ होते, ती बाटलीत वर्षभर टिकते. अकोल्याच्या ताईंना वर सांगितलेल्या तिगानीतेसवर मधाऐवजी हीच घालतात. आळलेली मुस्तालेव्रिया मात्र लगेच वाट्यांत ओता, वर भाजलेले तीळ, अक्रोड आणि दालचिनी घाला, आणि झाकण न ठेवता गार होऊ द्या. वर पातळ साय धरते, ती चमच्याने मोडायला पोरं आधी येतात.